धुराड्यातल्या वायूवर शैवाल : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री,
गोवा राज्य, पणजी यांस,

सादर प्रणाम.

कारखान्यांच्या धुराड्यांतून सुटणारा वायू सूक्ष्मशैवालाला पुरवायचा आणि त्या शैवालाच्या तेलापासून बायोडिझेल करायचे, ही कल्पना गोव्यात रुजावी असे मला मनापासून वाटते. मात्र तिची घोषणा होण्याआधी ती एखाद्या चालू कारखान्याच्या आवारातच, पूर्ण पावसाळा धरून, पारखली जावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कोळशाच्या भट्टीच्या धुरात साधारण १२ ते १५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि एक किलो कोरडे शैवाल तयार होताना त्यातला सुमारे १.८ किलो वायू खपतो. हे ऐकायला फार आश्वासक आहे. पण उघड्या तळ्यात दर चौरस मीटरला रोज १५ ग्रॅम शैवाल मिळते असे धरले, तर कोरड्या आठ महिन्यांत एका हेक्टरवर जेमतेम ३६ टन शैवाल होईल आणि ६५ टनांच्या आसपास वायू शोषला जाईल. वर्षाला एक लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या कारखान्याला या हिशेबाने दीड हजार हेक्टर तळी लागतील. एवढी सपाट जमीन आपल्या राज्यात शोधू लागले की नजर खाजनांकडे, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांकडे, वळते, आणि मला सर्वांत मोठी धास्ती त्याचीच आहे. बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) सांभाळून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ही शेते कोणत्याही हरित प्रकल्पासाठी घेतली जाऊ नयेत, असे आपण लेखी स्पष्ट करावे.

जून ते सप्टेंबर हा काळ वेगळाच. उघड्या तळ्यात पावसाचे पाणी भरते, खारेपणा उतरतो, ऊन मिळत नाही. एरवीही एक लिटर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम एवढेच शैवाल असते, म्हणजे किलोभर शैवालासाठी हजार-दोन हजार लिटर हिरवे पाणी गाळावे आणि वाळवावे लागते. खर्चाची खरी गाठ इथे आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात यावर संशोधन चालवले, तेव्हाही खनिज डिझेलच्या किमतीशी हे तेल स्पर्धा करू शकले नाही.

धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने पाणी आम्लधर्मी होते, तसेच जड धातू शैवालात उतरू शकतात. म्हणून तेल काढल्यावर उरणारी पेंड तपासल्याशिवाय गुरांच्या किंवा माशांच्या खाद्यात जाऊ नये. शिवाय बायोडिझेल जळताच तोच कार्बन हवेत परततो, त्यामुळे शोषलेला सगळा वायू कारखान्याच्या खात्यावर कायमची घट म्हणून मांडू देऊ नये. फायदा मोजायचा तो वाचलेल्या खनिज डिझेलचा, आणि तोही पंप व वाळवणीला लागलेली वीज वजा करून.

दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने, आपल्या खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यातल्या जाती घेऊन, औद्योगिक वसाहतीतल्याच जागेवर एक छोटा प्रयोग आपण मंजूर करावा आणि त्याचे दरमहाचे आकडे, तोट्याचे असले तरी, जनतेसमोर ठेवावेत, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका, डिचोली