गांधी जयंतीला छत्री लाव

24 सप्टेंबर

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

धारणीला रेंज धड नाही, महिन्याचा रिचार्ज परवडत नाही आणि रात्री जेवताना सिनेमा तर पाहिजे, असं लिहिलंस. मग डीडी फ्री डिश लाव. छत्रीवरून फुकट टीव्ही दाखवणारी ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेची सेवा, डिसेंबर 2004 पासून चालू आहे. एकदा सामान घेतलं की पुढं दमडी लागत नाही. "तुमच्या फ्री डिशचं रिचार्ज संपलं" असा फोन आला तर समोरचा चोर समज, कारण याला रिचार्जच नसतं.

60 सेंटीमीटरची छत्री (डिश), एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवर बसणारा, सिग्नल पकडणारा डबा), डिशची आरजी-6 केबल, तिच्या टोकांना दोन एफ कनेक्टर आणि एमपीईजी-4 या नव्या पद्धतीचा सेट-टॉप बॉक्स घे. जुना एमपीईजी-2 चा बॉक्स स्वस्तात गळ्यात मारतील. त्यात चॅनल कमी दिसतात.

छत्री कवेलूंवर लावू नको. आंगणात लोखंडी पाइप सिमेंटात गाड, आणि ओळंबा लावून तो सरळ उभा आहे का ते पाहा. पाइप कलता राहिला तर नंतरचं कोणतंच माप जुळत नाही.

आता खरी गोष्ट. सॅटेलाइट जीसॅट-15, पूर्व रेखांश 93.5 अंशांवर. धारणीहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण 141 अंशांवर आणि जमिनीपासून 58 अंश उंच दिसतो. मोबाइलचा कंपास लोखंडाजवळ, टिनाजवळ बहकतो, त्याच्या भरवशावर राहू नको. 2 ऑक्टोबरला तुला सुट्टी आहे. त्या दिवशी सकाळी 10 वाजून 55 मिनिटांनी सूर्य बरोबर त्या सॅटेलाइटच्या मागं असतो. तेव्हा पाइपाची सावली जमिनीवर पडेल तिच्यावर खडूनं रेघ मार. रेघ पाइपाच्या दुसऱ्या बाजूला सूर्याकडं वाढव; छत्रीची एलएनबीवाली दांडी त्या रेषेवर आली पाहिजे. एक मीटरची काठी उभी धरली तर सावली 61 सेंटीमीटरच्या आसपास पडेल. आणि छत्री बसायची त्या उंचीला ऊन येतंय का तेही पाहा. मोहाची, सागाची सावली पडत असेल तर सिग्नलही अडेल. मग जागा बदल, झाड तोडू नको.

छत्री 58 अंश वर पाहते असं डोळ्यांना दिसणार नाही. ती ऑफसेट असते, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, म्हणून ती थोडीच मागं कललेली वाटते. वरची कड खालच्या कडेच्या 35 सेंटीमीटरच्या आसपास मागं असते. इथंच बहुतेक लोक फसतात. आकाशाकडं तोंड करून ठेवतात आणि बॉक्सला दोष देतात.

मग बॉक्सच्या मेनूत सिग्नल उघड. 'स्ट्रेंथ' केबल जोडली की दिसतेच, तिला भुलू नको. 'क्वालिटी' शून्य असेल तर सॅटेलाइट सापडलेलाच नाही. छत्री डावीउजवीकडं बोटभर सरकव, दोन-तीन सेकंद थांब, परत सरकव. बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो; घाईनं फिरवलं की सॅटेलाइट हातातून निसटतो. चॅनलची नावं आली पण चित्र 'स्क्रॅम्बल्ड' म्हणालं, म्हणजे कुलूपबंद आहे, तर तू बहुधा शेजारच्या 95 अंशांवरच्या पैशाच्या सेवेवर गेलास. केसभर दक्षिणेकडं ये. शेवटी एलएनबीचा चिमटा ढिला करून एलएनबी थोडा थोडा फिरव. क्वालिटी सगळ्यात जास्त येईल तिथं कस.

कस म्हणजे नट आलटून पालटून थोडे थोडे आवळ. एकच पुरा आवळला की छत्री हलते. वानरं त्यावर बसणारच, म्हणून जोडावर नेलपॉलिशची आडवी रेघ मार. हलली की दोन रेघा जुळवून परत जागेवर.

केबल घरात येण्याआधी खाली झोल सोड, म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत येणार नाही. एलएनबीच्या कनेक्टरवर रबरी टेप गुंडाळ. पाणी शिरलं की तांब्याची तार हिरवी पडते आणि पहिल्याच पावसात चित्राच्या चिंध्या होतात. मुसळधार पावसात मात्र चित्र जाणारच, तो बिघाड नाही. विजा कडाडायला लागल्या की केबल बॉक्समधून काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

खाजगी चॅनलच्या जागांचा लिलाव होतो, म्हणून 1 एप्रिलच्या आसपास चॅनल बदलतात. ते गायब झाले की ऑटो स्कॅन कर, एवढंच.

मोबाइलवर पाहायचंच असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅप आहे, यूट्यूबवर निर्मात्यांचे स्वतःचे चॅनल आहेत. टेलिग्रामवरची फुकट सिनेमाची एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, मात्र टाकू नको. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. मग ओटीपी तुझा आणि पैसे दुसऱ्याचे.

2 तारखेला आभाळ आलं तर 3 तारखेला त्याच वेळी कर, फरक पडत नाही. ओळंबा शेजारच्या मिस्त्रीकडून माग.

तुझी आई