बर्नोहून (चेक प्रजासत्ताक) पत्र

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

इकडे सगळं छान आहे. थंडी सुरू झालीय, पण स्वेटर घालते. जाकिटाच्या आत असतो म्हणून फोटोत दिसत नाही. आणि बारीक वगैरे काही झालेले नाही, तो फोटोच तसा आलाय.

दादाला सांगा, आपला ‘सामोरोस्त’ परत खेळले! विश्रामबागेतल्या नेटकॅफेत तो माउस धरायचा आणि मी बोट दाखवायची, तोच गेम. पांढऱ्या टोपीतला बुटका दुर्बिणीतून बघतो, तर दुसरा ग्रह आपल्यावर आदळायला आलेला. मग डब्यासारख्या यानात बसून निघतो. असे गेम ज्यावर चालायचे ते फ्लॅश २०२० संपताना बंद झालं, तेव्हा वाटलं गेला. पण २०२१ मध्ये गेम करणाऱ्यांनीच तो नवा करून फुकट दिलाय. करणारा याकुब द्वोर्स्की इकडचाच, चेक. २००३ मध्ये प्रागला कलेचं शिकताना डिप्लोमासाठी केला होता म्हणे.

आपण कितीतरी रविवार घातले त्यात, आणि आता चहा निवायच्या आत संपला. धूर काढत बसलेल्या त्या माणसापाशी अडकायचो आणि मागे पोरं नंबर लावून उभी, आठवतं? या वेळी अडलेच नाही. फक्त ‘अगं, थांब की जरा’ म्हणायला कुणी नव्हतं. बुटका शेवटी आपल्या घरी परततो. आई, लगेच ‘बघ’ म्हणू नकोस.

त्यातली शेवाळं, मुळं इथल्या रानात जशीच्या तशी दिसतात. रानावरून सांगते, इकडे पाऊस पडून गेला की शनिवारी पहाटे ट्राममध्ये आजी-आजोबा वेताच्या टोपल्या आणि चाकू घेऊन बसलेले असतात. निघालेले असतात अळंबी वेचायला! आपण जिला कुत्र्याची छत्री म्हणून पायाने उडवतो, तिच्यासाठी. प्रत्येकाची जागा ठरलेली, ती जावयालासुद्धा सांगत नाहीत. ऑफिसातल्या मैत्रिणीची आई मला घेऊन गेली. प्रत्येक अळंबी उलटी करून बघायची, खाली स्पंजासारखी भोकं असली तर नखाने दाबायची, हुंगायची, मग टोपलीत. पापुद्रे दिसले की मला हातच लावू देईना. घरी काप करून पेपरवर वाळवतात, आपल्या सांडग्यांसारखे. हो, मी खाल्ली. काही झालं नाही. त्यांच्या तीन पिढ्या खातायत.

बाबा, पुरात ओल धरलेल्या भिंतीचं काम आता काढाच, पैसे पाठवलेत. त्यातलेच हॉलच्या ॲडव्हान्सला द्या, दादा नको म्हणेल, त्याचं ऐकू नका. मला मोठी सुट्टी नाताळातच मिळते, आणि धनुर्मासात मुहूर्त नसतात हे मलाही कळतं. तुळशीच्या लग्नानंतरची जी तारीख निघेल ती धरा, मी चार दिवस का होईना येते. हळदीला पोचले नाही तर काकूला माझ्या वाटणीची लावायला सांगा. मिरजेच्या स्थळाला मात्र एवढ्यात काही कळवू नका. आल्यावर बोलू, नक्की.

तुमची,
ताई