न्यू जर्सीला जात नाहीये

चँडलर, अ‍ॅरिझोना
नोव्हेंबर, शनिवार दुपार

ती. आई-बाबांना,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

फोनवर हा विषय काढला की आई रडायला लागते, बाबा फोन घेऊन गॅलरीत जातात आणि मुद्दा तिथेच राहतो. म्हणून लिहितेय. न्यू जर्सीची बदली मी घेतली नाही. साहेबांना तसं लेखी कळवून झालंय, तेव्हा आता "अजून विचार कर" म्हणू नका. रागावलात तरी चालेल, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

तिकडे काय काय मिळालं असतं ते मला पाठ आहे. मावशीचं घर पंधरा मिनिटांवर, आपल्या लोकांची चर्चची मंडळी, ज्वारीचं पीठ हाकेच्या अंतरावर, नेवार्कहून मुंबईला थेट विमान. बाबांनी तर वहीच्या पानावर दोन रकाने आखून फोटो पाठवला. बाबा, तुमच्या दोन्ही रकान्यांतलं काहीच चुकीचं नाही. विमानाचा एक टप्पा मला इथून जास्त पडतो, हेही खरं. पण तो टप्पा वर्षातून एकदा पडतो, आणि इथली माणसं मला रोज लागतात. आई, तुझ्या मनातलं तिसरं कारणही मला कळतं. त्यावर मी रागावलेली नाही. पण कुणीतरी भेटेल म्हणून गाव बदलणं मला जमणार नाही.

इथे आल्यावर मी मंडळी शोधली नाही असं समजू नका. एका ठिकाणी गाड्या लावायला वाट दाखवणारी माणसं झेंडे घेऊन उभी असायची, आत सिनेमाएवढा पडदा, कॉफी उत्तम. सगळे हसून "कशी आहेस" विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्याला विचारत. वाईट कुणीच नव्हतं. पण मी महिनाभर गेले नाही तरी कुणाला पत्ता नसता. आपल्याकडे दोन रविवार चुकले की पाद्रीसाहेबांची सायकल दाराशी यायची आणि बाबा गुपचूप सदरा बदलायला आत जायचे.

मग ही जीपवाल्या ख्रिस्ती लोकांची टोळी भेटली. फ्लॉरेन्स गावाजवळ बॉक्स कॅन्यन नावाची घळ आहे, तिच्या तोंडाशी. मी जीप घेऊन नुसती बघायला गेले होते, एकटीने आत शिरायचा विचार नव्हता. (जीप घेतली त्यावरून झालेलं भांडण आता पुन्हा नको, ती जुनीच आहे आणि पैसे फिटलेत.) सात-आठ गाड्या उभ्या होत्या आणि माणसं टोप्या काढून, माना खाली घालून गोल करून प्रार्थना करत होती. कुणाच्या हातात हवा मोजायचा गेज, कुणाच्या हातात ओढायचा पट्टा. आमेन झालं आणि सगळे चाकांपाशी बसून हवा सोडायला लागले. एका आजोबांनी मला विचारलं, तुला दाखवू का कशी सोडायची? बाबा, मी म्हटलं नको, आणि सीना नदीच्या वाळूत तुम्ही शिकवली होती तशी, गेज न लावता, नुसत्या आवाजावर चारही चाकांची सोडली. मग त्यांनी गेज लावून बघितलं. हवेचा दाब डांबरी रस्त्याला ३५ पीएसआयच्या आसपास ठेवतो, दगड-वाळूत १८-२० वर आणतो. माझी चारही चाकं त्यातच निघाली. आजोबा आयुष्यभर तांब्याच्या खाणीत होते, सहसा कौतुक करत नाहीत. "कुणी शिकवलं?" म्हणाले. मी म्हटलं, माझे वडील व्हीआरडीईत, लष्करी गाड्यांच्या संशोधन संस्थेत होते. तिथे व्हीआरडीई कुणाला ठाऊक असणार, पण मी अशा थाटात सांगितलं की सगळ्यांनी मान डोलावली.

आई, आता तुझ्यासाठी. मी वाळवंटात एकटी जात नाही. कधीच नाही. गाड्या रांगेने जातात, सगळ्यांकडे वायरलेस असतो, आणि प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची असा नियम आहे. फाटा आला की वळायचं नाही, थांबायचं. मागच्याने आपल्याला वळताना पाहिलं की मगच पुढे. सगळ्यात शेवटी सर्वांत अनुभवी माणसाची गाडी, म्हणजे कुणी मागे राहत नाही. दर माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरतो आणि वर दुप्पट घेतो. उन्हाळ्यात खाली वाळवंटात जातच नाही. २०२३ मध्ये फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता, तेव्हा शहाणं माणूस घरात बसतं. आमचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. साप थंडीत बहुतेक बिळात असतात. कोरड्या ओढ्यात मुक्काम करायचा नाही, कारण पाऊस लांब डोंगरात पडतो आणि लोंढा इथे, कोरड्या आभाळाखाली येतो. रात्री गारठा असतो, पण तू विणलेली कानटोपी घालते. खरंच घालते. आणि पिठलं-भाकरी होते तिथे. ठेचा तर खाणवाल्या आजोबांनी डबा धुऊन नेला.

तू दिलेली शिंगाची फणीही जीपमध्येच आहे. केसांसाठी नाही. इथे चोया म्हणून एक निवडुंग असतो, लांबून कापसासारखा मऊ दिसतो आणि नुसता घासला तरी त्याचा तुकडाच्या तुकडा अंगाला चिकटतो. हाताने काढायला जावं तर हातालाही. फणी खालून सरकवायची आणि एका झटक्यात उडवायची. तुझ्या फणीने आतापर्यंत दोन कुत्री आणि एक निवृत्त पाळक सोडवलेत.

ते पाळक मेथडिस्ट आहेत, दीक्षा घेतलेले, हे बाबांसाठी. प्रभुभोजन तेच देतात, जीपच्या बॉनेटवर पांढरा रुमाल अंथरून. गेल्या खेपेला पाव पिशवीत पार चेंदामेंदा झाला होता म्हणून मक्याची टॉर्टिया मोडली. बाबा, कपाळाला आठ्या घालू नका. आणि मी रविवार बुडवत नाही. आम्ही बहुतेक शनिवारी जातो. मुक्काम असेल तेव्हा रविवारची उपासना तिथेच, नसेल तेव्हा त्यांच्यातलंच एक जोडपं जातं त्या छोट्या मंडळीत मी जाते. साठ-सत्तर माणसं, पडदा नाही. अ‍ॅरिझोनात घड्याळ तासभर पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे तुमच्या-माझ्यात बारा महिने साडेबारा तासच असतात (न्यू जर्सीत वर्षातून दोनदा आईचा गोंधळ झाला असता, हे रकान्यात लिहा). तुम्ही सकाळी नऊला नगरच्या ह्यूम चर्चात पहिलं गीत म्हणता तेव्हा इथे शनिवारचे रात्रीचे साडेआठ झालेले असतात, आम्ही शेकोटीभोवती असतो. एकदा मी मराठी भजन म्हटलं. टाळ नव्हते, तर कुणीतरी नट आवळायचे दोन पाने एकमेकांवर वाजवले. ठेका चुकला, पण म्हटलं सगळ्यांनी.

आई, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुझ्याशी फोनवर बोलत होती ती बाई आठवते? तुला तिचं इंग्रजी कळत नव्हतं, तिला तुझं मराठी, आणि तरी तुम्ही दोघी एवढा वेळ काय बोललात देव जाणे. ती याच टोळीतली. तिने आणि आणखी तिघींनी रात्री वाटून घेतल्या होत्या, आळीपाळीने माझ्या सोफ्यावर झोपायच्या. सूप आणायच्या, बेचव असायचं, मी संपवायचे. मावशीने हे केलंच असतं, मला शंका नाही. पण मावशीने रक्ताच्या नात्याने केलं असतं. या बायकांना मी कोण?

ती बाई नवाहो आहे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. नवाहो नेशन म्हणजे अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटामध्ये पसरलेला त्यांचा मुलूख, महाराष्ट्राच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढा, आणि तिथल्या हजारो घरांत आजही नळाचं पाणी नाही. रस्ते कच्चे, पाऊस-बर्फ झाला की नुसता राडा. थंडी लागली की आमच्या गाड्या तिकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना सरपण आणि पाण्याचे डबे पोचवतात. बाबा, चिखलात लो गिअर टाकून एका हॉगनपाशी (त्यांचं जुन्या पद्धतीचं घर) पोचलो, आतून आजीबाई काठी टेकत बाहेर आल्या, आणि मला तुमची वडाळ्याची जीप आठवली. मागच्या बाकावर मी, पाद्रीसाहेबांची पेटी आणि औषधांचं खोकं. तुम्ही म्हणायचा, आधी खोकं उतरवायचं, मग पेटी. इथेही तसंच आहे: आधी लाकूड उतरवतात, प्रार्थना कुणी मागितली तरच.

यामागे कारण आहे, ते मला तिनेच सांगितलं. आपल्या आजीला मिशनच्या शाळेने अक्षर दिलं, आणि आपण घरात ते किती अभिमानाने सांगतो. तिच्या आजीला लहानपणी बोर्डिंग शाळेत नेलं, केस कापले, आणि स्वतःच्या भाषेत बोलली की शिक्षा. त्या शाळा काही सरकारच्या होत्या, काही चर्चच्या. तरी ती येशूला मानते, आणि चर्चवर रागही धरते, दोन्ही एकाच वेळी. मी तिला काय सांगणार? गप्प बसून ऐकलं. आपण नगरला हे कधी बोलत नाही. आपलं जे बरं झालं ते खरं आहे, आणि तिच्या घरी जे झालं तेही. असं उघड बोलता येतं आणि तरी संध्याकाळी एका ताटात जेवता येतं, अशी जागा मला याआधी सापडली नव्हती.

बाबा, एक गोष्ट तुमच्यासाठी राखून ठेवलीय. खडकाची मोठी पायरी चढायची असते तेव्हा एक जण पुढे उभा राहून हाताने वाट दाखवतो. बोलायचं फक्त त्यानेच. चालवणाऱ्याने दगड बघायचा नाही, त्याचे हात बघायचे. मला सवय तुमची, खिडकीतून मान काढून चाक बघायची. पहिल्यांदा खाणवाले आजोबा पुढे उभे होते, मी सारखी खाली वाकत होते, तर त्यांनी मूठ वर केली (म्हणजे थांब) आणि चालत खिडकीशी आले. "तू गाडी चालव, दगड माझा," म्हणाले. मग डावं चाक बोटभर, उजवं बोटभर, खालच्या पत्र्याचा खरडल्याचा आवाज, आणि वर. यावर संध्याकाळी प्रवचन होणार हे तुम्ही ओळखलं असेलच. झालंच, आणि लांबलंही. पण मला प्रवचनापेक्षा ते खिडकीशी आले ते आवडलं. ओरडले नाहीत.

ईस्टरला मात्र मी येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. मोअ‍ॅबला जाणार आहे. यूटामध्ये आहे, आठ-नऊ तासांचा रस्ता. तिथे १९६७ पासून ईस्टरच्या आठवड्यात सगळीकडच्या जीप जमतात, लाल खडकांवर. तो मेळा काही धार्मिक नाही, बाजारच जास्त. आमची माणसं पुनरुत्थानाच्या पहाटे अंधारात एका खडकावर चढून उपासना करतात. आई, पहाटेची फेरी चुकते म्हणून तुला वाईट वाटणार. मलाही वाटतं, तू मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती लावून द्यायचीस ना, मेण हातावर सांडू नये म्हणून, तशी मी इथे सगळ्यांना करून देणार आहे.

पण नाताळला येतेय. तिकीट काढलंय, १८ डिसेंबरला पोचते, ३ जानेवारीपर्यंत आहे. करंज्या मी आल्यावर करायच्या. अनारशाचं पीठ भिजवून ठेवलंस तर चालेल, तळायला एकटीने बसायचं नाही.

आता बाकीचं. आईच्या मोतीबिंदूचं नाताळनंतर नाही, आधी. डॉक्टरांशी मी बोललेय, तारीख ते देतील, पुढे ढकलायची नाही, "पाहुणे आहेत" वगैरे सबबी चालणार नाहीत. बाबा, तीन महिन्यांची साखर तपासून घ्या आणि रिपोर्टचा सरळ फोटो पाठवा, अर्धा अंगठ्याखाली झाकलेला नको. रोज रात्री तळपाय बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून. भिंगारच्या रस्त्याला अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही. गच्चीतल्या टाकीवर चढायचं नाही. टाकी धुणाऱ्या पोराला मी पैसे पाठवलेत, तो रविवारी उपासनेनंतर येईल, त्याच्या मागे मागे शिडीवर जाऊन त्याला शिकवू नका.

रागावला असाल तर उद्याचा फोन उचलू नका, मी समजून घेईन आणि परवा पुन्हा लावीन. रकान्यांचा कागद जपून ठेवा, आल्यावर बसून बोलू. बदली परत मागणार नाही, पण बोलू.

तुमची,
बेबी

ता. क. – बाबा, तुमचा जुना हवेचा गेज, पितळी, खाकी पाकिटातला, अजून असेल तर काढून ठेवा. नेणार आहे.