बरे वाटले, पण कशामुळे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला ग्लुटेनवरचा लेख आणि त्यावर आलेली दोन पत्रे वाचली. एका पत्रलेखकाने गव्हाला ‘सावकाश भिनणारे विष’ ठरवले आहे. दुसऱ्याने ग्लुटेन सोसत नाही म्हणणाऱ्यांना ‘पोट भरलेल्यांची थेरं’ म्हणून निकालात काढले आहे. या दोघांच्या मधे मी सापडले आहे. मला सीलिॲक आजार आहे, निदान होऊन बारा वर्षे झाली. माझ्या धाकट्या भावाला तो नाही. पण गहू बाधतो, असे तो सांगतो. आणि त्याला सगळ्यांत जास्त हसणारी मीच होते.

आधी माझ्या आजाराबद्दल थोडक्यात. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषणारी जी बारीक लव असते ती झिजून सपाट होते. माझे पोट कधी फारसे दुखलेच नाही. दोन वर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येईना, तेव्हा कुणाला तरी रक्तातली अँटिबॉडी तपासायचे सुचले आणि मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. औषध नाही. पथ्य एवढाच उपाय, आणि तोही चिमटीएवढ्या चुकीला माफी नसलेला: ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायला आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ब्रेड कापलेली सुरी तशीच माझ्या ताटाला लागली, तरी मला विचार करावा लागतो.

ग्लुटेनच्या फॅडने माझे भलेही केले. पूर्वी दुकानात मला खाता येईल असे शोधावे लागे, आता फळीच्या फळी भरलेली असते. पण मागे एका हॉटेलात मी ग्लुटेन चालत नाही म्हटल्यावर वेटरने अगदी सभ्यपणे विचारले, “मॅडम, डाएटवालं की खरंवालं?” मला आधी राग आला, मग वाटले, बिचाऱ्याचे चुकले काय? सकाळी ग्लुटेन वर्ज्य सांगणारे संध्याकाळी केक खाताना त्याने पाहिले असतील.

आता भावाची गोष्ट. “ताई, मलाही तुझंच झालंय,” असे तो एक दिवस म्हणाला. पोट फुगते, जेवल्यावर डोके जड होते, थकवा जात नाही. मी हसण्यावारी नेले. खरे तर हसायला मला जागाच नव्हती. सीलिॲक रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत, मुलांत आणि आईवडिलांत हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक असते, म्हणजे त्याची तपासणी बारा वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. मी काही सांगितले नाही, त्याने गहू सोडला, आणि त्याला खरोखरच बरे वाटू लागले. आठ महिन्यांनी त्याने रक्त तपासले. अँटिबॉडी नाहीत! घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

डॉक्टरांनी तो कागद बाजूला सारला. गहू बंद असताना अँटिबॉडी ओसरतात आणि आतडेही हळूहळू भरून येते. मग आजार असो वा नसो, तपासणी ‘नाही’च म्हणणार. त्यांनी जनुकीय तपासणी करायला सांगितली, ती पथ्यावर असतानाही चालते. सीलिॲकला लागणारी ती दोन विशिष्ट जनुके नसतील तर आजाराची शंका जवळजवळ मिटते. भावाच्या रक्तात त्यांतले एक निघाले. पण ते तर सुमारे तीस ते चाळीस टक्के लोकांत असते आणि त्यांतल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. शेवटी त्याला सहा आठवडे रोज, एकाहून अधिक वेळच्या जेवणात, गहू खावा लागला. ते सहा आठवडे त्याने कसे काढले ते मी पाहिले आहे. नंतरची तपासणी स्वच्छ आली. गव्हाच्या ॲलर्जीची, ती आणखी वेगळी चीज, तीही नाही.

मग त्याचा त्रास खोटा होता का?

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये ३४ जणांवर प्रयोग करून दाखवले होते की सीलिॲक नसलेल्यांनाही ग्लुटेनने त्रास होऊ शकतो. जगभर गाजलेले संशोधन. पण ते त्यावर थांबले नाहीत. २०१३ मध्ये त्यांनीच ३७ जणांना आधी आतड्यात आंबून वायू करणाऱ्या कर्बोदकांपासून दूर ठेवले आणि मग कुणाला न कळू देता ग्लुटेन दिले. या वेळी ग्लुटेनचा म्हणून वेगळा परिणाम जेमतेम आठ टक्के लोकांत दिसला. आपलाच गाजलेला निष्कर्ष दोन वर्षांत खोडायला धाडस लागते. दुर्दैवाने बातमी पहिल्याचीच झाली. पुढे २०१८ मध्ये ऑस्लोच्या गटाने स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना एकसारख्या दिसणाऱ्या वड्या खायला दिल्या: एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान, एकीत काहीच नाही. सर्वाधिक त्रास फ्रुक्टानने झाला असे २४ जण निघाले, ग्लुटेनने झाला असे १३, आणि काहीच नसलेल्या वडीने झाला असे २२.

फ्रुक्टान हे आतड्यात आंबणाऱ्या त्या कर्बोदकांपैकीच एक. ते गव्हात असते, तसेच कांदा-लसणातही असते. गहू सोडला की ग्लुटेन एकटे जात नाही. फ्रुक्टान जाते, बिस्किटे जातात, रात्रीचा पिझ्झा जातो. माणसाला बरे वाटते आणि श्रेय नेमके एकालाच मिळते.

हे पूर्वीही झाले आहे. १९२४ मध्ये सिडनी हास या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने सीलिॲक मुलांना केळ्यांवर ठेवले. मुले सुधारली, आणि केळ्यात काही औषधी गुण आहे असे ठरले. त्या आहारात ब्रेड आणि धान्ये बंद होती, याकडे फारसे कुणाचे लक्षच गेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला, आजारी मुले सुधारली आणि ब्रेड परतल्यावर पुन्हा खालावली. विलेम डिके या डच डॉक्टरांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो सिद्ध केला. मधली पंचवीस वर्षे केळ्याने खाल्ली, म्हणा ना. बरे वाटणे खरे होते, कारण चुकले होते, आणि केळी बंद करून पुन्हा गव्हाकडे वळलेल्या मुलांनी त्याची किंमत मोजली.

‘थेरं’ म्हणणाऱ्यांना आता वाटेल की ऑस्लोची ती काहीच नसलेली तिसरी वडी आपल्या बाजूची आहे: बघा, सगळे मनाचे खेळ. अलीकडे नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये ८३ जणांवर याचाच प्रयोग झाला. ‘यात ग्लुटेन आहे’ असे सांगून खरेच ग्लुटेन दिले त्यांना त्रास सर्वांत जास्त झाला; ‘यात नाही’ म्हणून गुपचूप दिले त्यांना स्पष्टपणे कमी. म्हणजे अपेक्षेचा वाटा मोठा. पण म्हणून पोट फुगले नव्हते असे नाही. परीक्षेच्या दिवशी होणारे जुलाब कुणी खोटे म्हणत नाही. भावाला मी हसत होते तेव्हा त्याच्या पोटाचा घेर मला डोळ्यांनी दिसत होता, तरी मी हसत होते.

‘विष’वाल्या पत्रलेखकांसाठी एवढेच: एक लाखाहून अधिक अमेरिकी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या २६ वर्षांच्या नोंदी २०१७ मध्ये तपासल्या गेल्या. ग्लुटेन जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार वाढलेला दिसला नाही. उलट सीलिॲक नसणाऱ्यांनी ग्लुटेन टाळताना अख्खी धान्ये सोडू नयेत, असा इशारा त्या अभ्यासकांनी दिला. माझ्या फळीवरच्या पाकिटांत चोथा कमी आणि साखर-चरबी जास्त असते, हे मी रोज वाचते. मला पर्याय नाही म्हणून खाते.

भाऊ आता आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने कांदा-लसूण बेतात ठेवतो आणि गहू थोडाफार खातो. कधी पोट फुगते, तेव्हा सांगतो. मी ऐकून घेते.

संपादक महाशय, तुमच्या लेखासोबत एक चौकट होती: ‘दोन आठवडे गहू बंद करून पाहा, फरक स्वतः अनुभवा.’ ही चौकट वाचून ज्यांनी सोमवारपासून गहू बंद केला असेल, त्यांच्यात काही सीलिॲक रुग्ण नक्की असतील. त्यांना बरे वाटेल, ते तपासणी करणार नाहीत, अधूनमधून ‘एवढ्याने काय होते’ म्हणून केक खातील आणि आतडे आतल्या आत झिजत राहील. कृपया पुढच्या अंकात तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा, की गहू बंद करण्याआधी, तो खात असतानाच, रक्ताची तपासणी करून घ्यावी. आणि ज्यांनी आधीच बंद केला आहे त्यांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. चौकटीत जागा उरली तर सख्ख्या भावंडांचाही उल्लेख करा.

आपली,
एक सीलिॲक वाचक