सुमे, त्या गप्पींबद्दल

प्रिय सुमे,

चार महिने झाले तुला फोन नाही, पत्र तर कित्येक वर्षांत नाही. तब्येती ठीक आहेत सगळ्यांच्या, माझा गुडघा बरा आहे, आईंची शुगर आटोक्यात आहे. आता ऐक, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून काही कळणार नाही.

मी घरात फिशटँक केलाय. ओम वर्षभर मागे लागला होता. सोसायटीतलं एक कुटुंब घर सोडून चाललं होतं, त्यांनी जुनी काचेची टाकी 500 रुपयांना दिली, 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच, साधारण 55 लिटर पाणी मावतं. तळाला कुंडीतली माती चाळून एक इंच, त्यावर दोन इंच बारीक खडी. दुकानातली रंगीत नाही हं, ती मला बघवत नाही. स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप मिळून 400, वर साधी पांढरी एलईडी ट्यूब, 6500 केल्विन लिहिलेली असते ना ती, सहा-सात तासच लावायची नाहीतर शेवाळ धरतं. झाडं म्हणजे व्हॅलिस्नेरिया, एक क्रिप्टोकोरिन आणि हायड्रिला. हो, तीच, शाळेत नरसाळं उपडं घालून जिचे बुडबुडे मोजायचो आणि तू मोजता मोजता झोपलीस! खत नाही, झाडांना द्यायच्या कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर नाही, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. हीटर पण नाही घेतला, पुण्यात डिसेंबर-जानेवारी सोडलं तर लागत नाही.

आणि मग तिसऱ्याच दिवशी मी आठ निऑन टेट्रा आणले. दुकानदार म्हणाला होता की पाणी भरून चोवीस तास ठेवलं की झालं. पाचव्या दिवशी रात्री बघते तर सगळे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडमीट करतायत. अंगावरचा तो निळा पट्टा असतो ना, तो विझत गेल्यासारखा फिका पडला होता. रविवारपर्यंत आठही गेले. ओम रडला नाही, नुसता टाकीसमोर बसून राहिला, ते जास्त लागलं गं.

नंतर टेस्ट किट आणलं, पाण्यात थेंब टाकायचे, पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. आमचं गडद हिरवं. माशांची घाण, उरलेलं खाणं, नवी माती, सगळ्यातून अमोनिया सुटतो. तो खाणारे जिवाणू स्पंजवर आणि खडीवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. एका जातीचे अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे त्याचं नायट्रेट, ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि झाडं खातात. नवं पाणी दिसतं स्वच्छ, पण त्यात हे कुणीच नसतं.

हे सगळं वाचताना एका ठिकाणी थांबले. नळाचं पाणी थेट टाकायचं नाही, क्लोरीनने माशांचे कल्ले जळतात. ह्या वेळी मी बादल्या रात्रभर उघड्या ठेवल्या होत्या, त्यामुळे ती चूक नव्हती. पण सुमे, मला एकदम तुमच्या पडवीतली ती टाकी दिसली.

सातवी. आरोग्य केंद्रातल्या काकांनी डब्यातून दिलेले चौदा गप्पी, "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा". एरवी आपण विहिरीचं पाणी घालायचो. पण गणपती आले होते, पाऊस मी म्हणत होता, विहीर गढूळ, आणि पाहुण्यांपुढे टाकी चकचकीत दिसावी म्हणून मी सगळं पाणी उपसलं, खडे घासले आणि नळाच्या चार बादल्या ओतल्या. त्या दिवसांत नळाच्या पाण्याला टीसीएल पावडरचा, म्हणजे त्या क्लोरीनच्याच पावडरचा वास यायचा, आठवतं? माई चहाला पण नाव ठेवायच्या. संध्याकाळी तू पोळीचा चुरा टाकलास आणि सकाळी चौदाच्या चौदा उलटे.

आणि मी सगळ्यांसमोर ओरडले की सुमीने पोळी घालून मारले. माईंनी तुला रट्टा दिला. मी दिवाळीपर्यंत बोलले नाही तुझ्याशी, आणि बोलले तेव्हाही आधी तूच "चुकलं" म्हणालीस. पोळीने चौदा मासे एका रात्रीत मरत नाहीत गं. ते माझं पाणी होतं.

जुनी गोष्ट आहे, सोडून दिलंही असतं. पण मागच्या फोनवर तू म्हणालीस, सई मासे मागतेय पण मी नाही आणणार, माझ्या हातून मासे जगत नाहीत, तुला माहितीच आहे. आणि मी "हं" म्हणाले. ते "हं" मला रात्री झोपू देत नाहीये. कॅरममधल्या राणीवरून भांडलो त्यात तूच चुकली होतीस, ते मी अजून सोडलेलं नाही, पण ह्यात नाही.

बरं, तुझी बदली झाली का? भावोजींचं दुकान नीट चाललंय ना? सईला स्कॉलरशिपची परीक्षा द्यायला लावू नकोस इतक्यात.

आमच्या टाकीत आता मासे नाहीत, नुसती झाडं आहेत, सहावा आठवडा चालू आहे. क्रिप्टोकोरिनची सगळी पानं कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक होऊन गळाली, उपटायलाच निघाले होते, पण जागा बदलली की ती असंच करते म्हणे. मुळं राहू दिली आणि काल बुंध्यातून तांबूस टोक वर आलंय, तांदळाएवढं. व्हॅलिस्नेरियाने खडीवरून आडवा धुमारा काढून दुसरं रोप लावलंय. टेस्ट तीन दिवस पिवळीच आहे.

मे मध्ये चिपळूणला येतेय. सईसाठी छोटी टाकी बघून ठेव, जुनी चालेल, गळत नाही ना एवढं पाणी भरून बघ. मी एक जादा स्पंज आमच्या टाकीत आत्तापासून टाकलाय, तो टाकीच्याच पाण्यात डब्यात घालून आणते, म्हणजे तुला सहा आठवडे थांबावं लागणार नाही. तो नळाखाली धुवायचा नाही. गप्पीच आणू, आणि चुरा तूच टाकायचास, पोळीचा नको पण.

तुझी,
वंदू