क्षेत्रफळ दाखवायचंय तर मर्केटर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला जगातल्या जंगलांवरचा लेख चांगला आहे, पण वरचा नकाशा बघून डोकंच फिरलं. जंगल किती पसरलंय ते हिरव्या रंगात दाखवायचं आणि नकाशा घ्यायचा मर्केटरचा? १५६९ सालचा तो नकाशा जहाजवाल्यांना दिशा बरोबर मिळावी म्हणून केलेला, त्यात विषुववृत्तापासून ६० अंशांवर गेलं की एका एकराचे चार एकर दिसतात, मग रशिया-कॅनडाचं जंगल फुगणार आणि काँगोचं एवढंसं दिसणार. आमच्याकडं उताऱ्यावर एक गुंठा इकडचा तिकडं झाला तर भाऊ-भाऊ कोर्टात जातात.

चिडायचं कारण जुनं आहे. मुलगी सातवीत असताना बेळगावला क्विझला नेली होती. भारत मोठा की ग्रीनलँड, असा प्रश्न आला, तिनं भारत सांगितलं. परीक्षकांनी मागं वळून भिंतीवरचा नकाशा बघितला आणि चूक दिलं! अहो, भारत साधारण ३३ लाख चौरस किलोमीटर आणि ग्रीनलँड २२ लाखांच्या आत. एका मार्कानं तिचा नंबर गेला, बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली ती खानापूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी ॲटलस घेऊन गेलो तर "निकाल लागला की आता, सोडा" म्हणाले. मला ते अजून सुटलेलं नाही.

आफ्रिका ग्रीनलँडच्या १४ पट आहे, पण तुमच्या नकाशात दोन्ही जवळजवळ सारखे. आफ्रिकन युनियननं २०२५ मध्ये मर्केटर बदला म्हणणाऱ्या मोहिमेला पाठिंबा दिला तो याच्यासाठीच. समक्षेत्र प्रक्षेपणाचे, म्हणजे क्षेत्रफळ खऱ्या प्रमाणात दाखवणारे नकाशे काय कमी आहेत का? पीटर्सचा उभा ताणलेला वाटतो, मान्य, मग २०१८ साली आलेला इक्वल अर्थ घ्या, त्यात क्षेत्रफळ बरोबर राहतं आणि देशांचे आकारही फार बिघडत नाहीत.

लिहितोच आहे तर अजून एक. तुमच्या हवामानाच्या कोष्टकात कोल्हापूर आहे, पणजी आहे, मधलं बेळगाव कुठं गेलं? मलप्रभा उगवते त्या कणकुंबीत किती पाऊस पडला ते आम्हाला कन्नड पेपरात बघावं लागतं. इथं पण तुमचा पेपर विकत घेऊन वाचतात हो, एक ओळ तरी घाला.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)