वहीत न लिहिलेले नाव

आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार. आपले नाव कोठेही छापू नये असे तुम्ही बजावले होते, म्हणून ते येथे लिहीत नाही; पण आभार मानल्यावाचून राहवतही नाही.

गेल्या पावसाळ्यातली ती रात्र अजून माझ्या मनातून गेलेली नाही. आमच्या कारखान्यात रसायने ज्या टाकीत तयार होतात त्या रिॲक्टरच्या तापमानाचा अलार्म ८५ अंशांना वाजायला हवा होता, तो कोणीतरी ९५ वर नेऊन ठेवला होता. थंड पाण्याचा पंप बंद पडून तापमान ९२ पर्यंत चढले, तरी कंट्रोल रूममध्ये सारे शांत होते. फेरीवरच्या मुलाने जागेवरचा काटा पाहिला आणि तो धावत आला, म्हणून आम्ही वाचलो. पुढे तीन आठवडे चौकशीत एकच प्रश्न घोळत राहिला: सेटिंग कोणी बदलले? चारही शिफ्ट एकाच पासवर्डवर चालत होत्या आणि ज्यांनी यंत्रणा बसवली त्यांनीच तो की-बोर्डखाली चिकटवून ठेवला होता, हे मात्र कोणी कागदावर घेतले नाही. एकोणीस वर्षे पॅनेल सांभाळलेल्या माणसाकडे चोराकडे पाहावे तसे पाहिले गेले, हे मला आजही सलते.

मग अलार्मची यंत्रणा सुधारायला तुम्ही रबाळ्याला आमच्या कारखान्यात आलात, तेही रात्रपाळीत. मी खुर्ची सोडून उठलो, तर मला बसवून तुम्ही शेजारी स्टूल ओढलेत आणि विचारलेत, "हा अलार्म तुम्हाला नकोसा का झाला?" तापमान ८५ च्या आसपास रेंगाळले की तो वाजे, थांबे, पुन्हा वाजे, हे मी सांगितले. मग धीर करून हेही सांगितले की, त्या रात्रीचा बदल माझा नव्हता, पण पूर्वी दोनदा मीही ती मर्यादा वर ढकलली होती. तुम्ही पेन खाली ठेवलेत. "नाव नको, कारण लिहितो," एवढेच म्हणालात. साहेब, त्या क्षणी माझे डोळे भरून आले होते.

१९९४ साली ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटापूर्वीच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते, हे तुम्ही त्याच रात्री सांगितलेत, आणि आमचा त्रास खरा आहे हे प्रथमच कोणी मान्य केले. आधी तुम्ही त्या अलार्मची वटवट थांबवलीत, वाजण्याच्या आणि थांबण्याच्या आकड्यांत अंतर ठेवून. कुलूप त्यानंतर घातलेत. आता मर्यादा बदलायची तर इन-चार्जचे स्वतःचे लॉगिन आणि लेखी कारण लागते, आणि मंजूर यादीशी न जुळणारा प्रत्येक आकडा शिफ्टच्या सुरुवातीलाच समोर येतो. यात कोणालाही अपमान वाटला नाही, कारण आमचे ऐकून घेऊन मगच तुम्ही आमचे हात बांधलेत. एवढी सभ्यता आमच्या वाट्याला क्वचितच येते.

परवा पहाटे तोच पंप पुन्हा बंद पडला. अलार्म ८५ ला वाजला. पॅनेलवर मीच होतो, म्हणून हे सर्वांत आधी तुम्हाला कळवावेसे वाटले.

आपला कृतज्ञ,
रात्रपाळीचा पॅनेल ऑपरेटर, नवी मुंबई